सहा दिवसांची तयारी

परक्या मुलखांतील रुग्णालयांत पहिल्यानेंच कामावर निघालेल्या परिचारिकेनें बरोबर काय न्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां पेटी भरण्याचा आहे. कपडे कोणते, पैसे किती, औषधें कोणतीं, एवढें ठरलें कीं तयारी झाली असें घरच्या माणसांस वाटतें. परंतु जी सामग्री पेटींत मावत नाहीं तीच पोंचल्यावर अधिक उपयोगीं पडते. आणि जिची उणीव निघतांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं तीच पुढें जिवावर बेतते. परिचर्येच्या इतिहासांत या गोष्टीचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें १८५४ सालच्या ऑक्टोबरांतील प्रयाण होय. हातीं दिवा घेऊन रात्रीं रुग्णांमधून फिरणारी त्यांची मूर्ति सर्वांच्या परिचयाची आहे. पण तो दिवा हातीं येण्यापूर्वींचे सहा दिवस, आणि त्या सहा दिवसांमागचीं कित्येक वर्षें, यांची हकीकत तितकीशी परिचित नाहीं.

त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत इंग्लंड व फ्रान्स यांनीं तुर्कस्तानच्या बाजूनें रशियाविरुद्ध युद्ध पुकारलें. सप्टेंबरांत दोस्तांचीं सैन्यें क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरलीं आणि २० सप्टेंबर रोजीं आल्मा नदीकांठीं पहिली मोठी लढाई झाली. जय मिळाला, पण जखमींची आणि पटकीनें पछाडलेल्या शिपायांची व्यवस्था लावण्यास कोणीच सिद्ध नव्हतें. त्यांना आगबोटींत कोंबून, काळा समुद्र ओलांडून, कॉन्स्टँटिनोपलसमोर बॉस्फरसच्या आशियाई तीरावर असलेल्या स्कुटारी येथें आणण्यांत येई. याच गांवास आज उस्कुदर म्हणतात. तुर्कांनीं दिलेल्या एका प्रचंड बराकीचें तेथें रुग्णालय करण्यांत आलें होतें. 'टाइम्स' पत्राचा कॉन्स्टँटिनोपल येथील बातमीदार टॉमस चेनरी याच्या पत्रांनीं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यांत तेथील स्थिति इंग्रज वाचकांपुढें उघडी केली. शस्त्रवैद्य पुरेसे नाहींत, शुश्रूषा करणारें कोणी नाहीं, जखमा बांधावयास फडकींसुद्धां नाहींत! फ्रेंचांच्या रुग्णालयांत मात्र त्यांच्या धर्मभगिनी सेवा करीत होत्या. ही तुलना लंडनमधील घराघरांत झोंबली.

त्या वेळीं नाइटिंगेलबाईंचें वय चौतीस वर्षांचें होतें. १४ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं आपल्या स्नेही एलिझाबेथ हर्बर्ट यांस पत्र लिहून, कांहीं परिचारिका बरोबर घेऊन खासगी रीतीनें स्कुटारीस जाण्याचा आपला बेत कळविला. एलिझाबेथबाईंचे पति सिडनी हर्बर्ट हे युद्धखात्याचे एक मंत्री होते. दुसऱ्याच दिवशीं, तें पत्र हातीं पडण्यापूर्वीं, हर्बर्ट यांनीं नाइटिंगेलबाईंना सरकारतर्फें परिचारिकांचें पथक घेऊन जाण्याची विनंति करणारें पत्र धाडलें. दोन पत्रें वाटेंत एकमेकांस ओलांडून गेलीं. हर्बर्ट यांच्या पत्रांत एक मोठा लक्षांत ठेवण्याजोगा तपशील आहे. जखमांवर ठेवावयाचा कापूस व पट्ट्या टनांच्या हिशेबानें रवाना झाल्या आहेत, चादरींच्या पंधरा हजार जोड्या गेल्या आहेत, औषधें, मद्य, आरारूट हींही त्याच मानानें गेलीं आहेत, असें त्यांत लिहिलें होतें. सैन्याच्या वैद्यकखात्याचे प्रमुख डॉ. अँड्र्यू स्मिथ यांनींही, तेथें कशाचीच उणीव नाहीं, असा दिलासा दिला. म्हणजे कागदावर सर्व सामग्री होती. फक्त रुग्णाच्या खाटेपर्यंत ती पोंचत नव्हती.

एवढें अवघड काम हर्बर्ट यांनीं एका श्रीमंत घराण्यांतील अविवाहित स्त्रीकडे कां सोंपविलें, याचें उत्तर मागील नऊ वर्षांत आहे. १८४५ सालीं नाइटिंगेलबाईंनीं सॅलिसबरीच्या रुग्णालयांत राहून काम शिकण्याची परवानगी घरीं मागितली, तेव्हां मोठा कल्लोळ झाला. त्या काळीं इंग्लंडांत परिचारिका म्हणजे दारूच्या आहारीं गेलेली, अशिक्षित मोलकरीण अशीच समजूत होती, आणि ती अगदींच निराधार होती असें नाहीं. परवानगी नाकारण्यांत आली. बाईंनीं वाद थांबविला; अभ्यास थांबविला नाहीं. देशोदेशींच्या रुग्णालयांचे अहवाल मिळवून त्या पहाटे, घर जागें होण्यापूर्वीं, दिव्याच्या उजेडांत वाचीत आणि टिपणें काढीत. १८५१ सालीं जर्मनींतील कैसरवेर्थ येथें पाद्री फ्लीडनर यांच्या संस्थेंत त्यांनीं सुमारें तीन महिने प्रत्यक्ष शिक्षण घेतलें. १८५३ च्या ऑगस्टांत लंडनच्या हार्ली रस्त्यावरील, आजारी व गरजू कुलीन स्त्रियांसाठीं असलेल्या एका लहान शुश्रूषागृहाच्या त्या अधीक्षक झाल्या. तेथें त्यांनीं पहिल्यानें कशाचा आग्रह धरला? मजल्या-मजल्यावर नळानें ऊन पाणी यावें, जेवणाचीं ताटें वर नेण्यासाठीं पाळणा असावा, आणि रुग्णानें घंटा वाजविली तर ती कोणाची हें परिचारिकेस तत्काळ कळावें! परिचारिकेचीं पावलें जिन्यावर खर्ची न पडतां रुग्णाजवळ पडावीं, हा त्यामागील विचार होता. कोळसा, चादरी, मुरंबे यांचेही हिशेब त्या स्वतः पाहत. हर्बर्ट यांना हवी असलेली व्यक्ति हीच होती. दयाळू स्त्रिया त्यांना पुष्कळ मिळाल्या असत्या. कोठार सांभाळणारी, हिशेब जाणणारी आणि माणसें चालविणारी मिळणें कठीण होतें.

१९ ऑक्टोबरला अधिकृत नेमणुकीचें पत्र मिळालें आणि २१ तारखेस प्रस्थान ठरलें. परिचारिकांची निवड हर्बर्ट यांच्याच बेलग्रेव्ह चौकांतील घरीं चालली होती. चाळीस जणी न्याव्यात असा संकल्प होता. पण लायक चाळीस स्त्रिया लंडनमध्यें मिळेनात. पुष्कळ जणी केवळ पैशासाठीं आल्या होत्या आणि पुष्कळ जणींना कामाचा गंध नव्हता. तरुणींना शक्यतों नाकारून पोक्त बायका पसंत करण्यांत आल्या. अखेर ३८ जणी ठरल्या. त्यांपैकीं १४ निरनिराळ्या रुग्णालयांतील पगारी परिचारिका, १० कॅथलिक जोगिणी आणि उरलेल्या १४ अँग्लिकन भगिनीसंस्थांतून आलेल्या होत्या. धर्मपंथांचा तंटा इंग्लंडांत त्या वेळीं तीव्र होता, आणि आपल्या माणसांवरील हुकमत सोडावयास एक संस्था तयार न झाल्यानें तिच्या परिचारिका घेतां आल्या नाहींत. शुश्रूषेच्या बाबतींत सर्वांनीं एकाच अधीक्षकाचा शब्द मानावा, ही अट बाईंनीं कोणासाठींच सैल केली नाहीं. कॅथलिक बिशपांनींही ती मान्य केली.

प्रत्येकीकडून करारपत्रावर सही घेण्यांत आली. आरंभीं आठवड्यास १२ ते १४ शिलिंग वेतन, शिवाय जेवण, राहणें व गणवेश. वर्तन चांगलें राहिल्यास वाढ. मद्याचें रोजचें प्रमाण ठरलेलें. एकटीनें रुग्णालयाबाहेर जाऊं नये. शिपायांशीं गैरवर्तन झाल्यास तत्काळ परत पाठवणी. रंगीत फिती व फुलें वर्ज्य. गणवेश म्हणजे राखी रंगाचा जाडाभरडा झगा, लोंकरीचें जाकीट, पांढरी टोपी, आंखूड लोंकरी आंगरखा, आणि खांद्यावरून घेण्याची एक तपकिरी पट्टी, जिच्यावर तांबड्या दोऱ्यानें 'स्कुटारी रुग्णालय' हीं अक्षरें भरलेलीं होतीं. कपडे इतक्या घाईनें शिवले गेले कीं उंच बायकांस ते तोकडे झाले व ठेंगण्यांस घोळूं लागले. टोपीविषयीं तर पुढें स्कुटारीस एका परिचारिकेनें गाऱ्हाणें केलें कीं बाकी सर्व सोसण्याची तयारी करून आपण निघालों, पण अशी टोपी घालावी लागेल हें ठाऊक असतें तर निघालोंच नसतों! या तक्रारींत हसण्यासारखें आहे तसें समजून घेण्यासारखेंही आहे. मोठ्या संकटाची कल्पना मनुष्य आधीं करूं शकतो; लहान गैरसोयीची करीत नाहीं.

त्या धांदलींत नाइटिंगेलबाई स्वतः शांत होत्या असें जवळच्या माणसांनीं नमूद केलें आहे. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलें तें एका वेगळ्याच कारणानें. अथेन्सहून आणलेलें एक लहान घुबड त्यांनीं पाळलें होतें. निघण्याच्या गडबडींत त्याच्याकडे पाहावयास कोणास सवड झाली नाहीं आणि तें मेलें. त्या वेळीं मात्र त्या रडल्या.

लंडनहून निघालेलें पथक खाडी ओलांडून बुलोन्य बंदरांत उतरलें. तेथील कोळिणींनीं त्यांचें सामान उचललें आणि हमालीचा पैसा घेतला नाहीं. पॅरिसवरून मंडळी मार्सेय येथें आली. कशाचीच उणीव नाहीं हा डॉ. स्मिथ यांचा दिलासा कानांत ताजा होता, तरी बाईंनीं येथें तो बाजूस ठेवून भरपूर सामान विकत घेतलें. खाण्याचे जिन्नस, आरारूट, मद्य, मांसाचा अर्क आणि उचलून नेतां येतील अशा शेगड्या. बरोबर चार्ल्स ब्रेसब्रिज व त्यांच्या पत्नी सेलिना हें त्यांच्या विश्वासांतील दांपत्य प्रवासाची व पैशाची व्यवस्था पाहण्यास होतें. २७ ऑक्टोबरला 'व्हेक्टिस' नांवाची आगबोट सुटली. समुद्र खवळलेला होता आणि बाईंना स्वतःला अतिशय त्रास झाला. ४ नोव्हेंबर रोजीं बोट कॉन्स्टँटिनोपलला लागली. दुसऱ्या दिवशीं क्रिमियांत इंकरमनची लढाई झाली.

बराकीच्या रुग्णालयांत या सर्वांना मिळून जी जागा मिळाली ती अवघ्या कांहीं खोल्यांची होती, आणि त्यांतील एका खोलींत एका रशियन सेनापतीचें प्रेत अजून पडलेलें होतें. पलंग नाहीं, मेज नाहीं, दिवे अपुरे, पाणी माणशी दिवसाला एक पाइंट. चादरींच्या त्या हजारों जोड्या, तो टनावारी कापूस? कांहीं माल भलत्याच बंदरांत गेला होता, कांहीं जहाजांत दारूगोळ्याच्या तळाशीं दडपला होता, आणि जो पोंचला होता तो कोठीवाल्याच्या नियमांत अडकला होता. रुग्णाच्या अंगावर सदरा नाहीं, धुण्यास पात्र नाहीं, साबण नाहीं, टॉवेल नाहीं. बाईंनीं पहिल्या मागण्यांत काय मागितलें? फरशी घांसण्याचे शेंकडों ब्रश आणि गोणपाट!

एक मोठी अडचण मात्र कोणत्याही यादींत नव्हती. सैन्याच्या डॉक्टरांना या बायका नको होत्या. लंडनच्या मंत्र्यांनीं व वर्तमानपत्रांनीं आपल्यावर लादलेली ही ब्याद आहे, असें त्यांतील बहुतेकांस वाटे. आपल्या नेमणूकपत्राचा आधार घेऊन बाईंना हट्टानें दालनांत शिरतां आलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. डॉक्टरांनीं बोलाविल्याखेरीज एकाही परिचारिकेनें रुग्णास हात लावूं नये, अशी सक्त आज्ञा त्यांनीं दिली. पलीकडे माणसें कण्हत आहेत आणि आपण खोलींत बसून झोळ्या व पट्ट्या शिवीत आहों, हें त्या परिचारिकांस असह्य होई. कित्येक जणींना अधीक्षकबाई निर्दय वाटल्या. परंतु कांहीं दिवसांतच क्रिमियांतून आजारी व जखमी शिपायांची अशी रीघ लागली कीं डॉक्टरांनीं आपण होऊन मदत मागितली. त्या महिन्यांतील एका पत्रांत बाईंनीं खाटांची रांग चार मैलांची असल्याचें लिहिलें आहे, आणि दोन खाटांमध्यें अठरा इंचांचेंही अंतर नव्हतें. मार्सेयच्या बाजारांत घेतलेल्या शेगड्या व आरारूट आतां कामास आलें. दहा दिवसांच्या आंत रुग्णांच्या पथ्याची दोन स्वतंत्र स्वयंपाकघरें उभीं राहिलीं. पुढें एक घर भाड्यानें घेऊन त्यांत बंब बसविण्यांत आले, शिपायांच्या बायकांस धुलाईचें काम देण्यांत आलें, आणि रुग्णांना स्वच्छ कपडे मिळूं लागले. या खर्चाचा बराच भार 'टाइम्स'च्या वाचकांनीं जमविलेल्या निधीनें उचलला.

तयारी नसली कीं काय होतें हेंही लौकरच दिसलें. डिसेंबरांत सुमारें ४६ स्त्रियांचें दुसरें पथक बाईंना न विचारतां लंडनहून येऊन दाखल झालें. त्यांना राहण्यास जागा नव्हती, देण्यास काम नव्हतें, आणि त्या कोणाच्या हुकमतींत आहेत हें स्पष्ट नव्हतें. सद्‍हेतु कमी नव्हता. पण त्यांतून महिनोन्‌महिने चालणारें भांडण निर्माण झालें. नाइटिंगेलबाईंच्या नेमणूकपत्रांतही एक उणीव होतीच. त्यांत तुर्कस्तानांतील रुग्णालयें असा शब्द होता, क्रिमियाचा नामनिर्देश नव्हता. १८५५ च्या मे महिन्यांत त्या क्रिमियांत गेल्या तेव्हां तेथील वैद्यकीय प्रमुख डॉ. जॉन हॉल यांनीं याच शब्दावर बोट ठेवून त्यांचा अधिकार नाकारला.

याच काळांतील दुसऱ्या एका स्त्रीची हकीकत सांगितल्याखेरीज हें चित्र पुरें होत नाहीं. मेरी सीकोल या जमैकांतील किंग्स्टन येथील. आई औषधोपचार जाणणारी व आजारी अंमलदारांसाठीं खाणावळ चालविणारी. मुलीनें विद्या तिच्यापासूनच घेतली. पनामांत पटकीच्या आणि जमैकांत पीतज्वराच्या सांथींत त्यांनीं शेंकडों रुग्ण पाहिले होते. अनुभवाच्या मानानें पाहतां ३८ जणींपैकीं फारच थोड्या त्यांच्या बरोबरीच्या ठरल्या असत्या. १८५४ च्या शरदांत त्या लंडनला आल्या, सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, परिचारिका निवडणाऱ्यांकडेही गेल्या. सर्वत्र नकार मिळाला. आपल्या कातडीचा रंग तर याचें कारण नसेल, हा प्रश्न त्यांनीं १८५७ च्या आपल्या आत्मवृत्तांत उघड विचारला आहे. त्या स्वतःच्या खर्चानें निघाल्या आणि १८५५ सालीं बालाक्लाव्हाजवळ एक उपाहारगृह व कोठार उभारून, विक्री आणि शुश्रूषा अशा दोन्ही वाटांनीं शिपायांच्या उपयोगीं पडल्या. योग्य माणसें मिळत नाहींत अशी ओरड चालू असतांना दाराशीं आलेलें योग्य माणूस परत गेलें. तयारी करणाऱ्यांची दृष्टि कोती असली म्हणजे तयारीही कोतीच राहते.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. ब्रश आले, कपडे धुतले गेले, पथ्याचें अन्न मिळूं लागलें, तरी त्या हिंवाळ्यांत मृत्यूंची संख्या वाढतच गेली. १८५५ च्या फेब्रुवारींत स्कुटारीस दर शंभर रुग्णांमागें ४२ हून अधिक दगावत होते. बराकीखालून तुंबलेलीं गटारें वाहत होतीं. त्यांची दुर्गंधि संडासांच्या नळांवाटे दालनांत शिरे. मार्चमध्यें लंडनहून आरोग्यसमिति आली. डॉ. जॉन सदरलंड व स्थापत्यविशारद रॉबर्ट रॉलिन्सन हे तिचे प्रमुख सभासद. पाणी येण्याच्या मार्गांत त्यांना मेलेला घोडा सांपडला. पहिल्या पंधरवड्यांत कचऱ्याच्या ५५६ हातगाड्या व टोपल्या बाहेर काढण्यांत आल्या, गटारें धुतलीं गेलीं, भिंतींना चुना लागला, हवेला वाट मिळाली. जूनपर्यंत मृत्यूचें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास उतरलें. या सुधारणेंत समितीचा वांटा किती, परिचारिकांचा किती आणि हिंवाळा व गर्दी ओसरल्याचा किती, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. पण लंडनमधील सहा दिवसांच्या धांवपळींत चादरी मोजल्या गेल्या, टोप्या शिवल्या गेल्या, आणि गटारांचा विचार कोणीच केला नाहीं, यांत मतभेदास जागा नाहीं.

१८५६ सालीं स्वदेशीं परतल्यावर नाइटिंगेलबाईंनीं सत्कार टाळले आणि संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्यानें मृत्यूंचे आंकडे तपासावयास घेतले. लढाईंत पडलेल्यांपेक्षां रोगानें मेलेले कितीतरी अधिक, आणि ते रोग बहुतांशीं टाळतां येण्याजोगे, हा निष्कर्ष त्यांनीं रंगीत वर्तुळाकृतींनीं सरकारपुढें मांडला. युद्धकाळांत त्यांच्या गौरवार्थ जमलेल्या सुमारें ४४ हजार पौंडांच्या निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडींत १५ विद्यार्थिनी होत्या आणि शिक्षण एक वर्षाचें. प्रत्येकीच्या कामाची व वर्तनाची नोंद महिन्याच्या महिन्याला होई. विद्यार्थिनींनीं स्वतःही रोजनिशी ठेवावी असा दंडक होता. हवा, उजेड, सांडपाणी, अन्न आणि शांतता हीं औषधाइतकींच शुश्रूषेचीं अंगें मानलीं गेलीं. सहा दिवसांत जें करावें लागलें होतें तें वर्षभरांत, सावकाश आणि आधीं, करण्याची ही सोय होती.

या सोयीचें फळ पुढच्या प्रवासांत दिसतें. ५ मार्च १८६८ रोजीं लूसी ऑसबर्न पांच सहकारिणींसह ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें उतरल्या. तेथील रुग्णालय किड्या-ढेंकणांनीं बुजबुजलेलें होतें. आठवडा उलटतो न उलटतो तोंच सिडनीजवळ राणी व्हिक्टोरियाच्या मुलावर गोळी झाडण्यांत आली, आणि त्याच्या शुश्रूषेचें काम या नवागतांपैकीं परिचारिकांवर आलें. त्यांना चांचपडावें लागलें नाहीं. १८८८ सालीं हिंदुस्थानांतील लष्करी रुग्णालयांसाठीं शिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी मुंबई बंदरांत उतरली. त्या दहा जणी होत्या आणि कॅथरिन लॉक या त्यांच्या एक प्रमुख. नाइटिंगेलबाईंनीं हिंदुस्थानांतील पलटणींच्या आरोग्याचा प्रश्न १८५९ पासून हातीं घेतला होता, छावणी-छावणीकडून पाणी व गटारें यांची माहिती मागविली होती. त्या स्वतः मात्र या देशीं कधीं आल्या नाहींत. मुंबईस उतरलेल्या दहा जणी इकडे कोणास परिचित नव्हत्या. भाषा, हवा, रोग, सर्वच त्यांना नवें होतें. तरी शुश्रूषा म्हणजे काय हें त्यांना बोटीवरून उतरल्यानंतर शिकावयाचें नव्हतें.

१३ ऑगस्ट १९१० रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, नाइटिंगेलबाईंचें देहावसान झालें. आज महाराष्ट्रांतील कितीतरी घरांतून मुली परिचारिका होऊन दूरच्या शहरीं आणि परदेशीं पहिल्या नेमणुकीवर जातात. घरचीं माणसें पेटी भरतात, प्रवासाचे कागद तपासतात, लोणच्याच्या बरण्या बांधून देतात, आणि तें योग्यच आहे. मार्सेयच्या बाजारांत घेतलेली शेगडीही अखेर कामासच आली. परंतु त्या ऑक्टोबरांतील सहा दिवसांनीं दाखवून दिलें तें हें कीं नवख्या दालनांत पाऊल टाकणाऱ्या परिचारिकेस आधीं तेथील पाणी कोठून येतें व घाण कोठें जाते हें पाहावें लागतें, तेथील माणसांचा विश्वास बसेपर्यंत थांबावें लागतें, आणि कागदावरील सांठा खाटेपर्यंत पोंचला कीं नाहीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं तपासावें लागतें. ही तयारी पेटींत बांधून देतां येत नाहीं. ती वर्षानुवर्षें अंगीं बाणवावी लागते, आणि ती नसली तर त्याची किंमत खाटेवरच्या माणसाला द्यावी लागते.